उभं राहता येईना, तिथे सायकल काय चालवणार? केप टाउन, १२ मार्च २०१७

१२ मार्च २०१७, रविवार. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन सायकल टूरची चाळिसावी आवृत्ती. नाव नोंदवलेले सुमारे ३५ हजार, मार्ग १०९ किलोमीटरचा, वेळेची मर्यादा सात तास. पहिले काही गट ठरल्याप्रमाणे सोडलेही गेले आणि थोड्याच वेळात जाहीर झालं, स्पर्धा रद्द. कारण वारा.

त्या सकाळचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिले असतील. हेल्मेट घातलेला माणूस दोन्ही हातांनी सायकल धरून उभा आहे आणि सायकल दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी हवेत आडवी झाली आहे. कुणी रस्त्यातच बसकण मारली आहे. कुणी सायकलवर नाहीच, नुसता चालतोय, तरी चार पावलं बाजूला ढकलला जातोय. सायकलवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर हे व्हिडिओ आले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली "बाप रे". दुसरी, "एवढ्यासाठी रद्द काय करायचं? हळू चालवायची ना!" पहिलीबद्दल काही म्हणायचं नाही. दुसरीबद्दल मात्र बरंच म्हणायचं आहे. कारण ती देणारे बहुतेक जण चांगले, अनुभवी सायकलस्वार असतात आणि नेमकं म्हणूनच ते चुकतात. ते स्वतःला एकट्याला त्या रस्त्यावर कल्पून बोलतात. त्या दिवशीचा प्रश्न रस्त्याचा नव्हताच. स्टार्टला हजारो माणसं दाटीवाटीने उभी करायची होती आणि ती उभी राहू शकत नव्हती, हा खरा पेच होता.

आधी ही टूर काय आहे ते थोडक्यात. १९७८ मध्ये केप टाउनमधल्या काही सायकलप्रेमींनी शहरात सायकलसाठी वेगळे मार्ग हवेत या मागणीसाठी चळवळ चालवली होती, तिच्यातून ही राईड निघाली. पहिल्या वर्षी ५२५ जण सुटले. मार्ग न मिळता स्पर्धाच मोठी झाली, असं तिथले लोक थट्टेने म्हणू शकतील. पेडल पॉवर असोसिएशन ही सायकलस्वारांची संघटना आणि क्लेअरमाँटचा रोटरी क्लब या दोघांच्या ट्रस्टकडे ती आहे, नफा समाजकार्याला जातो. पुढे बरीच वर्षं ती एका वृत्तपत्राच्या नावाने, 'केप आर्गस' म्हणून ओळखली गेली. जुने लोक अजूनही 'आर्गस'च म्हणतात.

भाग घेणाऱ्यांत व्यावसायिक मूठभर, बाकी सगळे हौशी. बँकेत काम करणारे, शिक्षक, साठी उलटलेले, बाप-लेक दोघांनी चालवायच्या टँडम सायकलवर, कुणी संस्थेसाठी देणग्या गोळा करत, कुणी चक्क सोंग घेऊन. जोहान्सबर्गहून सायकल खोक्यात भरून विमानाने येणाऱ्यांची संख्या मोठी. परदेशातूनही हजारो येतात. म्हणजे घोड्यावर बसायला शिकलेला आणि घोड्यावरच जन्मलेला, दोघे एकाच मैदानात.

हा मार्ग नकाशावर एकदा बोटाने फिरून बघा, वाऱ्याचं राजकारण लगेच कळतं. शहराच्या फोरशोअर भागातून निघून टेबल माउंटनच्या पूर्व उतारावरून दक्षिणेकडे, मुझेनबर्गला फॉल्स बेच्या किनाऱ्याला लागायचं. मग काल्क बे, फिश हूक, सायमन्स टाउन करत समुद्राला चिकटून आणखी दक्षिणेला. स्मिट्सविंकलचा चढ, केप पॉइंट अभयारण्याच्या फाटकाजवळून वळसा, आणि आता तोंड उत्तरेकडे. स्कारबरो, कोमेकी, नूर्डहूक. मग समुद्रावर लटकलेला चॅपमन्स पीकचा रस्ता, जो १९२२ मध्ये पुरा झाला आणि दरडी कोसळल्यामुळे २००० ते २००३ बंद होता. हाऊट बे. तिथून सुइकरबॉसीचा चढ, ज्याला सगळे घाबरतात. शेवटी कॅम्प्स बे आणि सी पॉइंटवरून शहरात परत.

उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये, इथे साउथ-ईस्टर वाहतो, आग्नेयेकडून. दक्षिण अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा आफ्रिकेच्या टोकाखालून पूर्वेकडे सरकतो आणि त्याच्या कडेने हवा फॉल्स बेवरून द्वीपकल्पावर धडकते. शहराची घाण हवा वाहून नेतो म्हणून त्याला 'केप डॉक्टर' असं लाडाचं नावही आहे. टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावर ढगांचं जे पांढरं 'टेबलक्लॉथ' पसरलेलं दिसतं तेही त्याचंच काम.

पण हा डॉक्टर सगळ्यांना सारखं औषध देत नाही. समोर हजार मीटरच्या वर उंचीचा डोंगर. हवेला तो ओलांडायचा तरी असतो किंवा कडेने तरी जायचं असतं. ओलांडून पलीकडे उतरताना ती जोरात खाली आपटते, आणि शेजारच्या डेव्हिल्स पीक या शिखराच्या कडेने वळताना आकसून वेग घेते. ही दोन्ही कामं जिथे उरकतात तिथे, डोंगराच्या पायथ्याशी, शहराचा मध्यभाग आहे. त्यातला फोरशोअर हा समुद्र बुजवून तयार केलेला सपाट पट्टा. झाडं कमी, रस्ते रुंद, मध्येच उंच इमारती, आणि त्यांच्या फटींतून वारा आणखी जोर धरतो. स्पर्धेचं स्टार्ट इथेच. १०९ किलोमीटरच्या मार्गावर वारा सर्वांत बेभरवशाचा असू शकेल अशा जागांपैकी एका जागी ३५ हजार माणसं गोळा करायची, असा हा प्रकार. यात आयोजकांचा मूर्खपणा नाही. एवढ्या लोकांना रेल्वे, पार्किंग, मोकळी जागा आणि रुंद रस्ते एकत्र देईल अशी दुसरी जागा त्या शहरात सहज सापडत नाही.

आता थोडं गणित, कारण वाऱ्याबद्दलच्या गप्पांत तेच नसतं.

एक साधारण हौशी सायकलस्वार घ्या. सायकलसकट ८५ किलो, सपाटीवर तासन् तास १६० वॅट काढू शकणारा. वारा नसेल तर तो ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाईल. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला की त्याच ताकदीत तो १५-१६ वर येतो. पाठीशी तेवढाच वारा असेल तर ५० च्या वर. आता तो ५० किलोमीटर वाऱ्याविरुद्ध गेला आणि ५० वाऱ्याबरोबर परत आला असं धरा. जाताना सव्वातीन तास, येताना तासाभरात. एकूण सव्वाचार. वारा नसता तर तीन तास वीस मिनिटांत घरी असता. "जाताना त्रास, येताना मजा, हिशोब बरोबर" असं आपण म्हणतो, पण हिशोब कधीच बरोबर होत नाही, कारण त्रासात घालवलेला वेळ मजेपेक्षा कितीतरी लांब असतो.

आणि हे बऱ्यापैकी तयारीच्या माणसाचं. शंभर वॅटवर चालणारा, वारा नसताना २५ च्या वेगाने जाणारा माणूस त्याच वाऱ्यात ११-१२ वर येतो. धावणारा माणूस त्याला मागे टाकेल. सात तासांच्या मर्यादेत वाऱ्याच्या वर्षी बाहेर फेकला जातो तो हाच. पुढे असणाऱ्यांना घोळका मिळतो, दुसऱ्याच्या मागे लपायला मिळतं, शक्ती वाचते. मागच्यांना घोळका जमवताच येत नाही. जमला तरी त्यात कुणी पुढे यायला तयार नसतो. शिवाय गट अर्ध्या सकाळभर सुटत राहतात, त्यामुळे शेवटी सुटणाऱ्याला पहिल्यापेक्षा वेगळाच वारा भेटतो, बहुतेक वेळा जास्त. एकाच स्पर्धेतल्या दोन माणसांनी आपापला वारा सांगितला तर दोघे वेगळ्या शहरांत होते असं वाटावं.

समोरचा वारा दमवतो, पण पाडत नाही. पाडतो तो आडवा. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. सायकलवर बसलेल्या माणसाला बाजूने ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला तर ढकलणारा जोर ढोबळमानाने सात किलोचा. शंभरचा लागला तर अठ्ठावीस किलोचा. सात किलो म्हणजे कुणीतरी खांदा लावला. अठ्ठावीस किलो म्हणजे कुणीतरी ढकलून दिलं. आणि रिकाम्या सायकलचं काय? आठ किलोची कार्बनची सायकल, त्यात खोल, म्हणजे बाजूने उंच पट्टीसारख्या रिमची चाकं, शंभरच्या झोतात तिच्यावरचा जोर तिच्या वजनाएवढा किंवा थोडा जास्तच होतो. ती उडते यात जादू काही नाही.

त्या सकाळी फोरशोअरवर झोत शंभरच्या वर गेले होते. इथे 'झोत' हा शब्द महत्त्वाचा. हवामान अंदाजात दिलेला वाऱ्याचा वेग हा सरासरीचा असतो. डोंगराच्या आडोशाला आणि इमारतींमध्ये झोत त्याच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातो. पन्नासचा एकसारखा वारा सायकलस्वार सहन करू शकतो. तो त्याच्याकडे झुकतो, हँडल घट्ट धरतो, जमवून घेतो. पण पन्नासवर झुकलेला असताना क्षणात नव्वद आला आणि पुढच्या क्षणी वीसवर उतरला, तर आधी तो एका बाजूला आडवा होतो आणि सावरताना दुसऱ्या. पडण्याचं कारण बऱ्याचदा वारा थांबणं हे असतं. ट्रकच्या बाजूने जाताना ट्रक संपतो त्या क्षणी जे होतं तेच, फक्त इथे ट्रक दिसत नाही.

स्टार्टच्या कुंपणात काय होतं, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. मार्चच्या मध्यात केप टाउनला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिल्या गटांतली माणसं अंधारात येतात. पहाटे उठून, थोडं खाऊन, अंगात पातळ जर्सी आणि बिब शॉर्ट्स. पायात सायकलिंगचे शूज, त्यांच्या तळाला प्लास्टिकची क्लिट. सायकलच्या पेडलमध्ये अडकायला ती उत्तम, डांबरावर उभं राहायला अगदीच वाईट. टाच खाली टेकत नाही नीट, आणि गुळगुळीत क्लिट पुढच्या पंजाखाली घसरते. एका हातात सायकल. ती पडू द्यायची नाही, कारण मागचा गिअर धरणारी पट्टी, हँगर, वाकली की दिवस गेला. दुसऱ्या हाताने कुंपणाची जाळी धरायची. पण कुंपण तरी कशाचं? वजन टाकून उभे केलेले हलके अडथळे, त्यांच्यावर प्रायोजकांचे कापडी फलक बांधलेले. फलक म्हणजे शीड. झोत आला की शीड भरतं आणि कुंपणच चालायला लागतं. कमान, तंबू, शौचालयाच्या पेट्या, प्रत्येकाला वारा धरण्यासाठी पृष्ठभाग भरपूर आणि वजन कमी.

या सगळ्यात माणसं एकमेकांना चिकटून. एका गटात शेकडो. एकाची सायकल सुटली की ती शेजाऱ्याच्या चाकात, त्याची पुढच्याच्या. चालत्या घोळक्यात निदान प्रत्येकाला थोडी जागा असते, वेग असतो, आणि फिरणारी चाकं सायकलला थोडं सरळ ठेवतात. उभ्या गर्दीत यातलं काहीच नसतं. म्हणून "हळू चालवायची ना" हे उत्तर इथे लागू पडत नाही. सायकल जितकी हळू, तितकी ती आडव्या वाऱ्यात जास्त डगमगते, आणि थांबलेली सायकल तर सर्वांत जास्त. सगळ्यात हळू म्हणजे शून्य, आणि स्टार्टला सगळे शून्यावरच असतात. तिथून निघताना एक पाय पेडलमध्ये, एक पाय हवेत, हँडल हललेलं, हाच क्षण झोताला सगळ्यात आवडतो.

टीकाकारांनी तेव्हा २००९ चा दाखला दिला. त्या वर्षीही साउथ-ईस्टर जबरदस्त होता, इतका की ती आवृत्ती आजही वाऱ्याची म्हणून सांगितली जाते, आणि तरी स्पर्धा झाली होती. ज्यांनी ती पुरी केली त्यांच्यासाठी तो आयुष्यभराचा बिल्ला आहे. त्यामुळे २०१७ ला "आम्ही तेव्हा केली की" हे येणारच. मला हा युक्तिवाद पटत नाही. पुरी केलेल्यांच्या गोष्टी टिकतात, वाटेत पडून घरी गेलेल्यांच्या टिकत नाहीत. शिवाय एकदा धोका पत्करून निभावलं म्हणजे तो धोका नव्हता असं सिद्ध होत नाही.

२०१७ ला वाऱ्याच्या जोडीला आणखीही होतं. आदल्याच दिवशी, शनिवारी, हाऊट बेच्या डोंगरउतारावरच्या इमिझामो येथू या दाट झोपडवस्तीत भयानक आग लागली होती. दोन हजारांहून जास्त घरं जळाली, हजारो माणसं रस्त्यावर आली. आग पसरली ती याच वाऱ्याने. स्पर्धेचा मार्ग त्याच हाऊट बेमधून जातो. अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका, म्हणजे ज्यांच्या भरवशावर ३५ हजार सायकलस्वार रस्त्यावर सोडायचे तीच यंत्रणा तिकडे गुंतलेली. मार्गालगत निदर्शनांचीही चिंता होती. अशा वेळी शंभर जण पडले, त्यातल्या दहांना रुग्णालयात न्यायचं झालं, तर नेणार कोण?

निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वेळेबद्दल आहे. पहिले गट सुटल्यावर रद्द करणं म्हणजे सगळ्यात अवघड पर्याय. पुढे गेलेल्यांना थांबवा, मागच्यांना परत पाठवा, आणि दरम्यान आणखी हजारो माणसं रेल्वेने, गाड्यांनी त्याच फोरशोअरवर येतच आहेत. पहाटे चारला निर्णय झाला असता तर बहुतेकांना अंथरुणातच कळलं असतं. पण चारला रद्द केलं आणि सातला वारा पडला असता तर? मग ३५ हजार लोकांनी, त्यातल्या हजारोंनी विमानाची तिकिटं काढलेली असताना, आयोजकांना जगू दिलं असतं का? या स्पर्धेमुळे प्रांतात सुमारे ५० कोटी रँड येतात असा आकडा नेहमी सांगितला जातो. हॉटेलं, खानावळी, टॅक्सीवाले सगळे त्या रविवारवर बसलेले. 'थोडं थांबून बघू' हा मोह अशा आकड्यांतूनच जन्मतो. आयोजकांच्या हिमतीवर हे सोडूच नये. अमुक ठिकाणच्या यंत्रावर अमुक वेळी झोत अमुक आकड्याच्या वर असेल तर स्टार्ट होणार नाही, हे नोंदणी करतानाच लिहून द्यावं. मग निर्णय घ्यायचा राहत नाही, फक्त वाचायचा राहतो.

व्यावसायिक शर्यतींनाही याच सुमारास अशा नियमाची गरज पटली होती. २०१५ च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत वाऱ्याने जगातले निवडक सायकलपटू रस्त्याबाहेर फेकले. पुढे टूर द फ्रान्स जिंकणारा गेरेंट थॉमस सायकलसकट बाजूच्या खड्ड्यात गेला. शर्यत पुरी केली फक्त ३९ जणांनी. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने टोकाच्या हवामानासाठी कार्यपद्धती आणली. पण एक फरक लक्षात घ्या. त्या व्यावसायिकांना आडव्या वाऱ्यात 'एशलॉन' करता येतं, म्हणजे रस्त्यावर तिरकी रांग लावून आळीपाळीने वारा झेलायचा. हे शिकायला वर्षं जातात. हौशी घोळक्यात कुणी असं तिरकं सरकायला लागलं की मागचा ओरडतो, "लाइन सोडू नको!" प्रत्येक जण पुढच्याच्या सरळ मागेच राहतो, जिथे आडव्या वाऱ्यात आडोसा मिळतच नाही. शक्ती जाते, आणि चाकं एकमेकांत गुंतायची तयारी मात्र पूर्ण. शिवाय व्यावसायिकाच्या मागे गाडी असते. पडला तर सायकल, थकला तर सीट. हौशी माणूस स्कारबरोला थकला तर त्याला घरी न्यायला बस कधी येईल याची वाट बघत झुडपाआड बसतो.

वाऱ्यात भरवली जाणारी हौशी स्पर्धा असू शकते का? असू शकते, आणि आहे. नेदरलँड्समध्ये झीलंड प्रांतात ऑस्टरस्केल्डे हा समुद्राला अडवणारा प्रचंड बांध आहे, त्यावर २०१३ पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. अंतर साडेआठ किलोमीटर. सायकली साध्या, सरळ बसायच्या, गिअर नसलेल्या, सगळ्यांना सारख्या आणि आयोजकांनीच दिलेल्या. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर वारा किमान सातचा, म्हणजे ताशी पन्नासच्या वर असेल तरच ती होते. तारीख आधी ठरत नाही, वादळाचा अंदाज आला की काही दिवस आधी जाहीर होते. तिथे लोक वारा यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात! पण बारकाईने बघा, ती सुरक्षित का आहे. माणसं थोडी. सुटतात एकेक. वारा समोरून, एकाच दिशेने, उघड्या समुद्रावरून आलेला, त्यामुळे त्याचा जोर मोठा पण लहर कमी. वेग इतका कमी की पडलात तरी गुडघा खरचटेल. केप टाउनशी यातली एकही गोष्ट जुळत नाही. वारा तसाच जोराचा, पण गर्दी आणि डोंगर काढून टाकले की प्रकरण जीवघेणं राहत नाही, गमतीचं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न अजून फारसा आलेला नाही, कारण आपल्या स्पर्धांचा हंगाम वाऱ्यापासून वाचलेला आहे. पुण्याहून गोव्यापर्यंत ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर होते ती नोव्हेंबरच्या सुमारास, बहुतेक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या राईड, आणि शहरी राईड हिवाळ्यात. वारा आपल्याला भेटतो तो तुकड्यातुकड्याने. पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन आलेल्यांना तो माहीत आहे. तिथे पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. घाटात एका वळणापर्यंत हवा स्तब्ध आणि वळण घेतलं की छातीवर हात ठेवून कुणीतरी मागे लोटतंय, हे पसरणी किंवा आंबेनळी चढलेल्यांना नवं नाही. पण हे सगळं आपण दहा-पंधरा जणांत अनुभवतो. पाच हजार जणांच्या स्टार्टला, फ्लेक्सच्या कमानीखाली, वळवाचा वारा सुटला तर काय, याचा विचार आपल्या किती आयोजकांनी केला असेल? ती कमान कशाने बांधली आहे, एवढं विचारलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

केप टाउनला ते उत्तर पुन्हा एकदा मिळालं. १९ ऑक्टोबर २०२५ ला तिथली मॅरेथॉन पहाटे, स्टार्टच्या अगदी तोंडावर रद्द झाली. रात्रीत सुटलेल्या वाऱ्याने स्टार्टच्या जागेवरच्या उभारणीची मोडतोड केली होती. धावणाऱ्यांना सायकल सांभाळायची नव्हती, क्लिट नव्हती, खोल रिमची चाकं नव्हती. बहुतेक जण त्या वाऱ्यात धावू शकले असते. तरी गर्दी उभी करायची जागाच सुरक्षित राहिली नाही, म्हणून रद्द. जगभरातून आलेल्या हजारो धावपटूंनी नंतर जो त्रागा केला, तो सायकलवाल्यांना ओळखीचा वाटला असेल.

२०१७ च्या त्या रविवारी वाटेतल्या थांब्यांसाठी आणलेलं पाणी आणि खाणं शिल्लक राहिलं, ते इमिझामो येथूच्या आगग्रस्तांकडे वळवण्यात आलं. टूर पुढच्या मार्चमध्ये परत झाली, तीही ऐन दुष्काळात, शहराचे नळ कोरडे पडायची भीती असताना. त्याआधीही तिने बरंच सोसलं होतं. २००२ मध्ये उष्म्यामुळे मागच्यांना वाटेतच थांबवावं लागलं होतं, २०१५ मध्ये डोंगरावरच्या वणव्यांमुळे मार्ग ४७ किलोमीटरवर आणला होता. तेव्हा कुणी मराठी सायकलस्वार तिकडे जायचं म्हणत असेल तर मी जरूर जा म्हणेन. चॅपमन्स पीकवरून दिसणाऱ्या समुद्रासाठी एवढा खर्च वसूल आहे. फक्त खोल रिमची चाकं घरी ठेवा. २८ मिलिमीटरचे टायर लावा. जायच्या आधी महिनाभर आडव्या वाऱ्याच्या रस्त्यावर, ग्रुपमध्ये, दोन बोटांच्या ताकदीने हँडल धरायचा सराव करा, कारण मुठी आवळणारा माणूस झोताबरोबर सगळी सायकल वळवतो. स्टार्टला रबरी टोप्या क्लिटवर चढवूनच उभे राहा. सायकल वाऱ्याच्या दिशेला लावून धरा, आडवी नको. आणि सोमवारचं परतीचं विमान बुक करू नका, दोन दिवस हातचे ठेवा. रविवार वाऱ्याने खाल्ला तरी मंगळवारी तुम्ही चौघं-पाच जण मिळून सायमन्स टाउनपर्यंत जाऊन याल.